कागदावरची मावशी

'माय मरो, मावशी जगो' अशी आपल्याकडे म्हण आहे. लहानपणी ती ऐकली की मला आईचीच दया यायची, बिचारीनं मरायचं कशाला! आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, स्वतः एका पोरीची मावशी झाल्यावर कळतं, की म्हण करणाऱ्यानं वकिलाला विचारलं नव्हतं. आमच्या घरातली माय उद्या गेली तर मावशीला कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही.

आम्ही तिघी नाशिकला राहतो. मी एका सहकारी बँकेत चोवीस वर्षं काउंटरच्या आत बसते. जिच्याबरोबर २००३ पासून राहते ती कॉलेजात गणित शिकवते. इथे मी तिला 'आई'च म्हणणार, कारण सात वर्षं झाली, घरात तिला दुसरं नावच उरलेलं नाही. लेक आठ वर्षांची, तिसरीत. मला ती 'माऊ' म्हणते. मावशी म्हणायला शिकवत होतो तेव्हा तिला 'शी' जमेना, आणि जमायला लागली तोवर माऊ पक्की झाली होती. शाळेच्या डायरीत 'आणायला येणारी व्यक्ती' या रकान्यात माझं नाव आहे आणि पुढे 'मावशी' असं लिहिलंय. सबंध महाराष्ट्रात माझं आणि तिचं काही नातं आहे असं सांगणारा तेवढा एकच कागद.

आईनं २०१७ च्या फेब्रुवारीत दत्तकासाठी अर्ज केला, एकटी बाई म्हणून. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, कुणालाही दत्तक घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही, हे बाल न्याय कायद्याच्या ५७ व्या कलमातच लिहिलंय. दोघींनी मिळून अर्ज करायला मात्र रकानाच नव्हता. जोडप्याला अट होती, आणि ती आजही आहे: किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य. आमचं तेव्हा चौदा वर्षांचं स्थिर आयुष्य होतं. वैवाहिक तेवढं नव्हतं.

होम स्टडीला, म्हणजे अर्जदाराचं घर बघायला, समाजसेविका येणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही घर आवरलं. आवरलं म्हणजे घरातून मला आवरलं. टूथब्रश, चष्म्याची डबी, थायरॉइडच्या गोळ्या, दारातल्या चपला, बँकेचं ओळखपत्र अडकवायचा खिळासुद्धा. कपाटातला माझा अर्धा भाग दोन पिशव्यांत भरून स्कूटरवरून मैत्रिणीकडे टाकून आले. दिवाळी अंक तेवढे हलेनात. चौदा वर्षांचा गठ्ठा होता, दोन रॅक भरून. ते आईचे ठरले. आणि बाईंनी नेमका त्यातलाच एक उचलला. पहिल्या पानावर माझं नाव आणि तारीख, मला तशी सवयच आहे. 'मैत्रिणीचा दिसतोय,' त्या म्हणाल्या. आई म्हणाली, 'हो, तिचे असतात काही.' निघताना त्यांनी विचारलं, 'तुमच्या मदतीला कुणी असतं ना?' 'असतं,' आई म्हणाली. पुढे त्यांनी विचारलं नाही. हे सगळं मला आईनं रात्री सांगितलं, कारण मी तेव्हा पंचवटीत एका रसवंतीत तिसरा ग्लास घेऊन बसले होते.

एकट्या अर्जदाराला आणखी एक कागद जोडावा लागतो: नातेवाइकाचं हमीपत्र. अर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर मूल मी सांभाळीन, असं. मी सांभाळीन हे आम्हा दोघींना, आमच्या दुधवाल्याला आणि बहुधा त्या समाजसेविकेलाही माहीत होतं. पण मी नातेवाईक नव्हते. हमीपत्र दिलं आईच्या थोरल्या भावानं. त्यांचं जळगावला बियाणं-खतांचं दुकान आहे. भले गृहस्थ आहेत. दिवाळीत आणि एखाद्या लग्नात भेटतात. गेली वीस वर्षं मला 'मॅडम' म्हणतात. बहिणीबरोबर राहणाऱ्या बाईला काय म्हणायचं हे त्यांचं अजून ठरलेलं नसावं. तर आमच्या लेकीची आईनंतरची जबाबदारी कागदावर त्या मामांची.

२०१८ च्या जुलैत दत्तकाच्या पोर्टलवर एका पोरीचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल आला. ४८ तासांत कळवायचं असतं. आम्हाला चाळीस सेकंद लागले असतील. ऑगस्टमध्ये चौदा महिन्यांची पोर घरी आली. त्यानंतर महिन्याभरात, ६ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरता भाग रद्द केला. न्या. इंदू मल्होत्रांनी लिहिलं, की इतिहासानं या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. लोक रस्त्यावर नाचत होते. आम्ही दोघी दात येणाऱ्या पोरीला घेऊन आळीपाळीनं फेऱ्या मारत होतो, माफी वाचायला दुसरा दिवस उजाडला.

दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी होते. म्हणजे चारदा मला आवरावं लागलं. तिसऱ्या भेटीत पोरीनं रॅकच्या मागे सरकलेली माझी एक चप्पल ओढून आणली आणि समाजसेविकेच्या पायाशी ठेवली, 'माऊची.' आईच्या पोटात गोळा आला. त्या बाईंनी चप्पल उचलली, रॅकवर नीट ठेवली आणि म्हणाल्या, 'चहा टाकताय ना?' चौथी भेट लॉकडाउनमुळे व्हिडिओ कॉलवर झाली. मी तेवढा वेळ गच्चीत टाकीच्या सावलीत बसले होते.

आम्ही खोटं बोललो का? बोललो नाही, पण लपवलं, आणि मला त्याचा अभिमान नाही. आज मात्र तेवढी फटही उरलेली नाही. दत्तकाचं काम बघणाऱ्या 'कारा'नं जून २०२२ मध्ये पत्रक काढलं, की लग्नाशिवाय जोडीदाराबरोबर राहणाऱ्या व्यक्तीला स्थिर कुटुंबाचा भाग मानता येणार नाही. म्हणजे खरोखरची एकटी बाई चालेल. घरात आणखी एक माणूस प्रेमानं, पगारासकट, रात्री ताप मोजायला हजर असेल, तर चालणार नाही. हिशेब करायची माझी रोजची सवय आहे, पण हा हिशेब मला जुळवता आलेला नाही.

त्याच वर्षी लेकीनं कोपर मोडून घेतलं. आई परीक्षेच्या कामाला धुळ्याला. मी पोरीला घेऊन दवाखान्यात गेले. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात हेच झालं असतं. भूल द्यायची होती, संमतीपत्रावर सही हवी होती. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, 'तुमचं रक्ताचं नातं आहे का?' खरं तर रक्ताचं नातं तिचं आईशीही नाही. आईचं नातं कोर्टाच्या हुकुमाचं आहे, आणि ते अस्सल आहे, त्याला कुणी बोट लावू शकत नाही. हे सगळं तिथं सांगत बसणार कोण? आईचा फोन एसटीत लागेना. शेवटी मी जळगावला फोन लावला. मामांनी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना डॉक्टरांना सांगितलं, 'करा, मी मामा बोलतोय.' चाललं. अडीचशे किलोमीटरवरच्या, पोरीला वर्षातून दोनदा भेटणाऱ्या माणसाचा आवाज चालला. तिला कुठल्या कुशीवर झोप लागते हे ठाऊक असलेली मी समोर उभी होते.

मामांचा मला राग आला नाही. रकान्याचा आला.

पुढे २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यात समलिंगी लग्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे चालला. थेट प्रक्षेपण होतं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून कानात इअरफोन घालून बसायचे. शेजारच्या काउंटरवरची म्हणायची, 'कसली मालिका लागलीय गं?' मालिकाच होती. केंद्र सरकारनं लिहून दिलं होतं, की ही मागणी म्हणजे निव्वळ शहरी अभिजनांचे विचार. हे ऐकून मला डबा खाली ठेवावा लागला. माझे वडील एसटीत कंडक्टर होते आणि माझं सगळं बालपण यावल तालुक्यात केळीच्या बागांत गेलं. अभिजन म्हणवून घ्यायला मला आवडलंच असतं.

त्या दहा दिवसांत मंगळसूत्र, सप्तपदी, नवरा कोण नि बायको कोण यांवर बरंच बोलणं झालं. माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, मूल. राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं विरोध केला: अशा घरात वाढणाऱ्या मुलांना स्त्री-पुरुषांच्या पारंपरिक भूमिका पाहायला मिळणार नाहीत. दिल्लीच्या बाल हक्क आयोगानं नेमका उलट पाठिंबा दिला. दोन्ही आयोग मुलांच्याच हितासाठी बोलत होते. सात राज्यांनी केंद्राला उत्तरं पाठवली, त्यांत राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध नोंदवला. आपल्या महाराष्ट्रानं विचार करायला आणखी वेळ मागितला. मला तेव्हा हसू आलं. आमच्याकडे जावई पसंत नसला तरी 'कळवतो' असंच सांगतात.

निकाल १७ ऑक्टोबर २०२३ ला लागला. मंगळवार, नवरात्रातली तिसरी माळ, लाल रंग. आमच्या शाखेतल्या आम्ही सगळ्याजणी लाल साड्यांत. फोटोसाठी ओळीत उभ्या राहिलो तेव्हा माझा एक इअरफोन पदराखाली होता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आधी वाचायला सुरुवात केली. ते म्हणाले, की केवळ विवाहित स्त्री-पुरुषच मुलाला स्थैर्य देऊ शकतात हे दाखवणारी कसलीही सामग्री सरकारनं पुढे ठेवलेली नाही. लग्न न झालेल्या जोडप्यांना दत्तकापासून अडवणारा तो नियम, दत्तक नियमावलीतला ५(३), कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे. मी कॅश मोजत होते, ती चुकली. पुन्हा मोजली. एका मैत्रिणीचा 'जिंकलो!' म्हणून मेसेज आला, मागे फटाक्यांची चित्रं.

मग बाकीचे निकाल वाचले गेले. एकूण चार निकालपत्रं होती. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. दत्तकाच्या मुद्द्यावर न्या. संजय किशन कौल सरन्यायाधीशांच्या बाजूनं, तर न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. पी. एस. नरसिंह दुसऱ्या बाजूनं. तीन विरुद्ध दोन. नियम राहिला. अर्ध्या दिवसासाठी का होईना मी मनात एक सही करून टाकली होती, ती खोडावी लागली. त्या दिवसाचा लाल साड्यांचा फोटो अजून शाखेच्या फळ्यावर आहे. मी त्यात चांगली हसतेय.

न्या. भटांचं म्हणणं मी नंतर शांतपणे वाचलं, कारण ज्यानं आपल्याला नाही म्हटलं त्याचं कारण नीट ऐकावं असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं असं काही दुष्ट नाही. लग्न मोडलं तर पोटगी, ताबा, वारसा यांसाठी कायदे आहेत. बिनलग्नाचं जोडपं फुटलं तर मुलाला कोण विचारणार? अशी जोडपी चांगले पालक होऊ शकत नाहीत असं नाही, हेही त्यांनी लिहिलं, आणि सरकारनं या मुलांचा विचार करावा असंही सुचवलं. पण मला त्यातून उलटंच दिसतं. मुलाला संरक्षण नाही म्हणून दुसरा पालक नाकारायचा, आणि दुसरा पालक नाकारला म्हणून मुलाला संरक्षण नाही. आमची लेक तर आधीपासून या घरात आहे. मी उद्या घर सोडून गेले तर तिला माझ्याकडून एक रुपया मागायचा हक्क नाही. तिच्या बाजूनं बघितलं तर मी किती मोकळी आहे! शेजारच्या काउंटरवरचीनं एकदा मला सरळ विचारलं, 'पण मुलांचं काय गं?' तिला मी हेच सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, 'म्हणजे तुलाच बांधून घ्यायचंय?' हो. मलाच बांधून घ्यायचंय.

खरं सांगायचं तर मला लग्नाची हौस नाही. मंगलाष्टकं ऐकली की मला अजून जेवणाच्या पंगतीची आठवण येते, बाकी काही नाही. आमच्यातले काहीजण म्हणतातही, की लग्न ही बायकांना जखडणारी जुनी संस्था, तिच्या दारात आपण कशाला उभं राहायचं? बरोबर असेल. पण इथे प्रत्येक खोलीचं दार त्याच ओसरीत उघडतं. दत्तक नियमात 'वैवाहिक'. २०२१ च्या सरोगसी कायद्यात जोडपं म्हणजे कायद्यानं विवाहित स्त्री-पुरुष, आणि एकटी बाई असेल तर विधवा किंवा घटस्फोटित. माझ्यासारखी कधीच लग्न न केलेली त्यातही नाही. प्राप्तिकरात नवरा-बायकोनं एकमेकांना दिलेल्या भेटीवर कर नाही. आम्ही एकमेकींना वर्षात ५० हजारांवर काही दिलं तर आहे. यावर २०२५ मध्ये एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलंय. बँकवाली असल्यामुळे मी त्या खटल्यावर डोळा ठेवून आहे.

बाहेरच्या देशांत काय झालं तेही मी रात्री जागून वाचलं, आणि मला एक गंमत दिसली. राजकारणी लोक लग्न देतात तेव्हा मूल मागे ठेवतात. बेल्जियमनं २००३ मध्ये लग्नाला मान्यता दिली, दत्तकाला २००६ मध्ये. पोर्तुगालनं २०१० च्या लग्नाच्या कायद्यातच लिहून ठेवलं की दत्तक नाही. ते द्यायला २०१६ उजाडलं. तैवाननं २०१९ मध्ये आशियातलं पहिलं पाऊल टाकलं, पण जोडीदाराच्या पोटचंच मूल दत्तक घेता येईल असं बंधन घालून. ते २०२३ मध्ये सुटलं. दोघांचं लग्न लागतं ते दोघांपुरतं राहतं, मतदाराला त्यात फार काही द्यावं लागत नाही. मूल म्हटलं की प्रत्येकाला वाटतं हे माझ्याही घरातलं आहे. आयर्लंडनं मात्र डोकं चालवलं. २२ मे २०१५ च्या सार्वमताआधीच, एप्रिलमध्ये, त्यांनी मुलांचा आणि दत्तकाचा वेगळा कायदा करून टाकला, म्हणजे सार्वमतात प्रश्न उरला फक्त लग्नाचा. तरी विरोधकांची पोस्टरं आई-बाप-मुलांचीच होती. ६२ टक्क्यांनी सार्वमत जिंकलं. नेदरलँड्स सगळ्यांत पहिलं, १ एप्रिल २००१, आणि त्यांनी दत्तकसुद्धा त्याच दिवसापासून दिलं.

योगायोग बघा, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं तीही तारीख १ एप्रिलच, २०२२. पती-पत्नीऐवजी जोडीदार म्हणा, एवढं साधं. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, आणि हेही २०२४ मध्ये लोकसभेबरोबर विरलं. तरी कुणीतरी, तेही आपल्या भाषेत भाषणं करणाऱ्या बाईनं, ते सभागृहाच्या टेबलावर ठेवलं. कोर्ट म्हणालं हे संसदेचं काम. संसदेत जे आलं ते एवढंच.

निकालानंतर सरकारनं कॅबिनेट सचिवांची समिती नेमली. तिचं फळ म्हणून २८ ऑगस्ट २०२४ चं अर्थ मंत्रालयाचं पत्रक बँकवाल्यांच्या ग्रुपवर फिरत आलं: समलिंगी आणि इतर व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. मी दोनदा वाचलं. आडकाठी होती कधी? चोवीस वर्षं मी सासू-सुनांची, भागीदारांची, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन विधवा बहिणींची संयुक्त खाती उघडलीयत. आमचं दोघींचं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खातं २००५ पासून माझ्याच शाखेत आहे. सरकारनं उघडं दार पुन्हा एकदा उघडून दाखवलं. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, पैसे घेऊन खऱ्या वारसांना देणारा विश्वस्त, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं ते १९८३ मध्येच सांगून ठेवलंय. त्याच सुमारास आरोग्य मंत्रालयानं राज्यांना कळवलं, की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. रेशन कार्डासाठी जोडीदार एकाच घरातले धरावेत, असं अन्न खात्यानंही सांगितलं. तांदूळ आणि प्रेत यांची सोय झाली. मधल्या आयुष्याबद्दल, आणि मुलांबद्दल, एक शब्द नाही.

फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. खुल्या कोर्टात सुनावणीही नाही, न्यायमूर्तींच्या दालनात. मूळच्या पाचांपैकी एक सोडून बाकीचे तोवर निवृत्त झाले होते. त्या दिवशी रात्री आई म्हणाली, 'आता मृत्युपत्र करू या.' तिचं वय ४९, तब्येत ठणठणीत. पण ती गणितवाली आहे, राहिलेल्या पर्यायांची यादी तिला तोंडपाठ असते.

वकीलबाई तरुण होत्या, मोकळ्या होत्या. त्यांनी सांगितलं, मृत्युपत्रात पालक म्हणून माझं नाव घालता येईल. पण १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आहे, जिल्हा न्यायालय बालकाचं हित बघून ठरवतं, आणि कुणी नातेवाईक उभा राहिला तर निकाल कसा लागेल सांगता येत नाही. 'उभं राहू शकेल असं कोण आहे?' त्यांनी विचारलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हमीपत्रवाले मामा. 'मग त्यांनाच साक्षीदार करा,' वकीलबाई म्हणाल्या.

आईनं जळगावला फोन केला. ते रविवारी सकाळच्या गाडीनं आले, पोरीसाठी भरीताची वांगी आणि एक निळी छत्री घेऊन. जेवणं झाली, पोर छत्री उघडून पलंगावर बसली. मामांनी चष्मा लावून अख्खं मृत्युपत्र वाचलं, बियाण्याच्या पाकिटावरचं बारीक छापील वाचावं तसं बोट ठेवून. पालकाचं कलम आलं तिथं बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मी उगाच पाण्याचे तांबे आत-बाहेर करत होते.

'हे कोर्टात टिकेल का?' त्यांनी वकीलबाईंना फोनवर विचारलं. स्पीकर चालू होता. त्या म्हणाल्या, 'काका, कुणी विरोधात गेलंच नाही तर टिकेल.'

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग पलंगावरच्या पोरीकडे. मग आईला विचारलं, 'शाळेची फी कोण भरतं?'

'ती,' आई म्हणाली.

'आणि ते कोपर मोडलं होतं तेव्हाचं बिल?'

'तेही तिनंच.'

त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. पेन दुकानात राहिलं होतं. 'मॅडम, पेन द्या जरा.'

मी माझं काढून दिलं. बँकेतल्या सवयीनं टोपण माझ्याकडेच ठेवलं.